फेरेट, मुंगूस आणि ‘पाळीव’ या शब्दाची परीक्षा

समजा तुमच्या मनात फेरेट पाळायचं आलंय. रील्समध्ये बघितलेला असतो तो: लांबोडका, मिशाळ, शर्टाच्या बाहीतून शिरून गळ्यापाशी तोंड काढणारा. हा प्राणी माझ्यासाठी योग्य आहे का, असं दुकानदाराला विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे. मी म्हणेन, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखा विचारून बघा. एखादा प्राणी ‘पाळीव’ आहे हे आपण कशावरून ठरवतो? त्याचा पुरावा काय? (‘पेट’ परीक्षा देणाऱ्यांनी इथे हसून घ्यावं आणि पुढे वाचावं.)

फेरेटला मराठीत शब्द नाही, कारण तो इथला नाही. आपल्याकडचा त्याच्या कामाचा प्राणी म्हणजे मुंगूस. दोघांचं नातं तसं लांबचं. फेरेट पाणमांजराच्या कुळातला, मुंगूस त्यापेक्षा मांजर-तरसाला जवळचं. पण बांधा सारखा, बिळात शिरायची खोड सारखी, आणि माणसाने दोघांना जवळ केलं तेही उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्तासाठीच. शिवाय मुंगसावर आपला हक्कच आहे. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द मराठीतून गेला, असं बहुतेक इंग्रजी कोश सांगतात. वाटेत मुंगूस दिसणं आपण शुभ मानतो, पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. म्हणून आधी मुंगसाचं बघू.

मुंगूस घरात ठेवत असत याला साधनं आहेत. सगळ्यात प्रसिद्ध साधन पंचतंत्रातलं, पाचव्या तंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट. मुंगूस पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं, त्याचं रक्ताळलेलं तोंड बघून आई भलतंच समजते आणि त्याला मारून टाकते. शाळेत आपल्याला याचं तात्पर्य शिकवलं. संशोधक म्हणून तुम्ही तात्पर्य बाजूला ठेवा आणि गोष्टीने सहज जाता जाता काय गृहीत धरलंय ते बघा. कथेच्या प्रचलित पाठात मुंगशी पिल्लू घालून मरते, म्हणून ब्राह्मणी त्या पोरक्या पिल्लाला स्वतःच्या मुलासारखं वाढवते. तरी तिचा त्याच्यावर विश्वास नाही! जातीने हिंस्र आहे, बाळाला काही करेल, ही धाकधूक आधीपासूनच आहे. म्हणजे ज्या गोष्टीचा आधार घेऊन ‘आपल्याकडे मुंगूस पाळायचेच की’ असं आपण म्हणतो, तीच गोष्ट सांगते की पाळणाऱ्यालाही खात्री नव्हती.

पुढे हीच कथा पश्चिमेला गेली. आठव्या शतकातल्या अरबी ‘कलीला व दिम्ना’मध्ये मुंगसाच्या जागी वीझल आलं, म्हणजे फेरेटचंच भावंड. युरोपात पोचेपर्यंत त्याचा कुत्रा झाला. वेल्समध्ये तर गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधीसुद्धा दाखवतात. मला हा बदल फार बोलका वाटतो. ऐकणाऱ्याला पटेल असा घरातला प्राणी कोणता, याचं प्रत्येक ठिकाणचं उत्तर वेगळं होतं.

दुसरं साधन रॉबर्ट स्टर्नडेलचं. हा इंग्रज अधिकारी सातपुड्यात, नागपूरच्या उत्तरेला शिवनी भागात होता. नंतर मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचा सुरुवातीचा एक संपादक. 1884 च्या आपल्या सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथात त्याने ‘पिप्स’ नावाच्या मुंगसाबद्दल लिहिलंय. 1859-60 च्या सुमारास आलेलं हे मुंगूस 1863 पर्यंत त्याच्याजवळ राहिलं. पिंजऱ्यात कधीच नव्हतं. मुक्काम हलला की तंबू लादलेल्या उंटावर बसून प्रवास करायचं, आणि चुकूनही दुसऱ्याच्या उंटावर चढायचं नाही. वाचताना कुणालाही वाटेल, आपल्यालाही असंच एक हवं.

पण इथेच थांबून साधनचिकित्सा करा. हे लिहिणारा कोण? उंट, तंबू, नोकरचाकर आणि आसपास मोकळं रान असलेला अधिकारी. ज्यांची मुंगसं चावली, पळाली, पंधरा दिवसांत मेली, त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. पाळीव प्राण्यांच्या आठवणींत हा दोष हमखास असतो, आणि आजच्या रील्समध्येही तोच आहे.

तिसरं साधन ललित आहे: मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचा रिक्की-टिक्की-टावी, 1893 चा. तोही पुरात बिळातून वाहून आलेला, एकटा. आता तिन्ही साधनं शेजारी ठेवा. पोरकं पिल्लू, एका साहेबाचं एक मुंगूस, पुरात सापडलेलं मुंगूस. घरी जन्मलेल्या मुंगसाच्या पोटी घरीच पिल्लं झाली, त्यातली गरीब स्वभावाची निवडून पुढे वाढवली, असं तिन्हींत कुठेच नाही. माणसाळलेला प्राणी आणि पाळीव प्राणी यांतला फरक तो हाच. एक मुंगूस माणसाळतं, ते त्याच्यापुरतं. त्याचं पिल्लू पुन्हा रानाचंच.

फेरेटचा इतिहास इथे वेगळा पडतो. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलंय की स्पेनमध्ये सशांचा सुळसुळाट झाला तेव्हा लिबियातून आणलेले प्राणी तोंड बांधून बिळात सोडत. बरेच अभ्यासक हाच फेरेट मानतात. युरोपातल्या पोलकॅटपासून पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला, म्हणून तो खऱ्या अर्थाने पाळीव. पण कशासाठी निवडला? थंड हवेत, सशाच्या बिळात शिरण्यासाठी. तुमच्या टू-बीएचकेसाठी नव्हे.

दोघांनाही माणसाने ‘कामाचे’ म्हणून परदेशी नेलं, त्याचे परिणामही बघण्यासारखे आहेत. 1872 मध्ये एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली, उसातल्या उंदरांसाठी. तिथून ती इतर बेटांवर, 1883 मध्ये हवाईलाही गेली. पक्षी, सरडे, अंडी, सगळ्यांवर आफत आली. न्यूझीलंडने सशांसाठी 1880 च्या दशकात फेरेट सोडले. तिथले न उडणारे पक्षी त्यांच्या तोंडी पडले, आणि 2002 मध्ये त्या देशाने फेरेटची पैदास आणि विक्रीच बंद केली. पाळलेला फेरेट कंटाळा आला म्हणून कुणी सोडून दिला तर काय, हा प्रश्न तिथे कल्पनेतला राहिलेला नाही.

आता तुमचा निर्णय. फेरेट दिवसाचे चौदा-सोळा तास झोपतो, उरलेल्या वेळात त्याला मोकळं सोडावं लागतं. तो निव्वळ मांसाहारी आहे, सोसायटीत आणि स्वयंपाकघरात ते चालणार का? अंगाला उग्र वास असतो, आंघोळ घातली तरी जात नाही. मादीचं वेळेत ऑपरेशन केलं नाही किंवा तिला नर मिळाला नाही, तर माज लांबून रक्तक्षयाने ती मरू शकते. डिस्टेंपरची लस लागते. जवळच्या पशुवैद्यांनी आजवर एक तरी फेरेट हाताळलाय का, हे आधी विचारून या. आणि उन्हाळा. तिशीच्या वर पारा गेला की त्याला उष्माघाताचा धोका. अंबरनाथ-बदलापूरला एप्रिल-मेमध्ये चाळिशीची गाठ पडते आणि त्यात वीज जाते. एसी बंद पडलेल्या दुपारी तुम्ही घरी असाल का? सहा-आठ वर्षं, प्रत्येक उन्हाळ्यात? पीएचडी करणाऱ्याला तर पुढच्या वर्षी आपण कोणत्या शहरात असू हेही माहीत नसतं.

माझं मत विचाराल तर इथे फेरेट पाळू नये. आणि ‘मग आपलं देशी मुंगूस तरी’ हा पर्याय उरतच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस पकडणं आणि जवळ बाळगणं गुन्हा आहे, पिल्लू पोरकं सापडलं तरी. ते वनखात्याला कळवायचं. बघायचंच असेल तर सकाळी लवकर झुडपांच्या, कुंपणाच्या कडेने नजर ठेवा. शपथ घातली तर वळून बघतंही म्हणतात.