फासा टाकतो कोण?

खेळ म्हटला की नियम आले, आणि नियम आले की ते पाळले जातात की नाही हे पाहणारा पंच आला. इंटरनेटवर अनोळखी माणसे घटकाभर एकत्र येऊन जे खेळ खेळतात, त्यांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आपण तो या पंचाच्या अंगाने पाहू.

सारीपाटाचेच उदाहरण घेऊ. कृष्णाकाठच्या उंब्रजला देवळाच्या ओट्यावर पट अंथरला, तर खेळणारे चार आणि पाहणारे दहा असणार. कवड्या सर्वांदेखत पडतात, उताण्या किती हे सगळेच मोजतात. येथे निराळा पंच लागत नाही. फासे दुसऱ्याच्या हाती गेले तर काय होते, हे महाभारतातील द्यूतसभेने आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे. याच पचिशीवरून बेतलेल्या लुडोचे पेटंट १८९६ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले. कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा फासा आला, पण तोही सर्वांसमोरच पडत असे.

खेळणारे एकमेकांपासून दूर असतील तर? बुद्धिबळाने या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले. १८२४ ते १८२८ या काळात एडिंबरो आणि लंडन येथील मंडळांनी टपालाने सामना खेळला. सांगलीत १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन झाले आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी हा खेळ तेथे रुजवला. तेथील कोणत्याही खेळाडूला विचारा, टपालाने डाव का खेळता येतो ते तो लगेच सांगेल. बुद्धिबळात दैवावर काही सोपवलेले नसते आणि सारी माहिती पटावर उघडी असते. चुकीची चाल कागदावरही पकडता येते. परंतु 'मला सहा पडले' असे पोस्टकार्डावर कोणी लिहिले, तर ते मानायचे कसे?

येथे संगणक पंच म्हणून पुढे आला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकाधारित शिक्षणाची यंत्रणा होती. १९७०च्या दशकाच्या आरंभी तिच्यावर निरनिराळ्या पडद्यांसमोर बसलेले विद्यार्थी एकच खेळ खेळू लागले. १९९२ साली बुद्धिबळासाठी इंटरनेटवर सर्व्हर सुरू झाला. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले, आणि १९९८ साली याहूने ब्राउझरमध्ये खेळायचे पट आणि पत्ते मांडले. या सर्वांत एक गोष्ट समान होती. पट खेळाडूकडे नसून मधल्या सर्व्हरकडे असे. आपल्या पडद्यावर दिसते ती फक्त त्याची नक्कल.

मात्र ब्राउझरचा मूळ स्वभाव 'विचारले तर सांगेन' असा. समोरच्याने चाल केली, हे तो आपणहून सांगत नसे. त्यासाठी आधी जावा, मग फ्लॅश अशा पुरवण्या जोडाव्या लागल्या. सतत दुतर्फा बोलण्याची 'वेबसॉकेट' ही पद्धत २०११ साली प्रमाणित झाली, आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार थांबला.

पंच दूर असण्याची किंमतही असते. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. उंब्रजहून ३०० किलोमीटरवरील मुंबईच्या सर्व्हरकडे जाऊन येण्यास निदान ३ मिलिसेकंद लागतील. १३,००० किलोमीटरवरील सर्व्हरसाठी १३०. यंत्रे कितीही सुधारली तरी त्या तंतूतून याहून कमी वेळ लागणार नाही.

आता फाशाकडे परत येऊ. नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' २०१६ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. अशा खेळांत पडद्यावर फासा घरंगळताना दिसतो, पण ते चित्र असते; आकडा सूत्राने काढलेला असतो. तो निष्पक्ष आहे का? ६०० दाने नोंदवली तर प्रत्येक आकडा सुमारे १०० वेळा यावा. एखादा आकडा १५० वेळा आला तर शंका घ्यावी. पण ऐन मोक्याच्या वेळीच फसवणारा फासा या कसोटीतून सुटेल.

मग पंचावाचून, दुरून, निष्पक्ष फासा टाकता येईल का? मॅन्युएल ब्लम या गणितज्ञाने १९८१ साली टेलिफोनवरून नाणेफेक करण्याची रीत मांडली. तिचे तत्त्व वर्गात सहज दाखवता येते. दोन विद्यार्थ्यांनी ० ते ५ मधील एकेक अंक चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करावा. दोन्ही पाकिटे टेबलावर आल्यावरच उघडावीत. अंकांची बेरीज करून ६ ने भागावे. उरेल ती बाकी म्हणजे दान, आणि बाकी शून्य असेल तर सहा. पहिल्याने ४ लिहिले असेल, तर दुसऱ्याच्या ० ते ५ या अंकांमुळे बाक्या ४, ५, ०, १, २, ३ येतात, म्हणजे प्रत्येक एकदाच. दोघांपैकी एकाने जरी अंक मनात कसलाही हिशेब न ठेवता निवडला, तरी दुसऱ्याला दान वळवता येत नाही. टेलिफोनवर पाकिटाचे काम गणित करते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अतिशय कठीण.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. त्यामुळे खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. त्यात कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवलेला नाही. पण कायदा वर्गात येऊन बसत नाही. मोबाइलवर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला नुसते 'खेळू नकोस' म्हणण्यापेक्षा, 'तुझा फासा टाकतो कोण, आणि तो तुला पाहता येतो का?' असे विचारावे. दोन पाकिटांचा प्रयोग केलेला विद्यार्थी त्याचे उत्तर स्वतः शोधील.