परदेशात कामाला जाताय? सरकारची मदत कशी मिळते, कुणाला मिळते आणि कुठे अडते

रत्नागिरी, रायगडच्या गावांना आखात नवीन नाही. मंडणगड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धनकडची माणसं वर्षानुवर्षं दुबई, कुवेत, सौदीला कामाला जात आली आहेत. आता इतर जिल्ह्यांतूनही गवंडी, वेल्डर, प्लंबर, ड्रायव्हर दोन-तीन वर्षांच्या करारावर परदेशी जातात. त्यासाठी घरातलं सोनं मोडलं जातं, जमीन गहाण पडते. पण अशा कामगारांसाठी सरकारने काय सोय केली आहे, हे बहुतेक घरांना अडचण आल्यावरच कळतं.

सोय बरीच आहे. मात्र त्यातली मोठी मदत नोकरीच्या व्हिसावर, सरकारी नोंद करून गेलेल्या कामगारालाच मिळते. 'आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून देतो' असं एजंट म्हणाला आणि माणूस गेला, की त्यातलं बरंच हातातून जातं.

पासपोर्ट ईसीआर की ईसीएनआर?

कामासाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परराष्ट्र मंत्रालय त्याची अंमलबजावणी करतं. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे 'ईसीआर' असतो, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागते. पासपोर्टवर तसं लिहिलेलं असतं. असं काही लिहिलेलं नसेल तर तो 'ईसीएनआर', म्हणजे तपासणी न लागणारा.

ईसीआर पासपोर्टवर पुढच्या १८ देशांत कामाला जाताना परवानगी (एमिग्रेशन क्लिअरन्स) घ्यावीच लागते:

सौदी अरेबिया, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, इराक, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, येमेन, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड.

ही परवानगी नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवतात. दहावी पास होण्याआधी पासपोर्ट काढला असेल तर मार्कशीट दाखवून तो बदलून घेता येतो.

परवानगी कुठे मिळते?

'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर. परदेशातली कंपनी, इथला एजंट आणि कामगार या तिघांचीही नोंद त्यावर होते. पगार किती, काम कोणतं, मुदत किती हे करारात लिहिलेलं असतं. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणतात. मुंबईचं त्यांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे.

जाण्याआधी एक दिवसाचं मोफत प्रशिक्षणही मिळतं. त्या देशातले कायदे, काय करायचं आणि काय टाळायचं, अडचणीत कुणाला फोन करायचा, हे त्यात सांगतात. मुंबईत याची केंद्रं आहेत.

एजंटला किती पैसे द्यायचे?

इथेच सगळ्यात जास्त लूट होते. नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याची पावती द्यावी लागते. 'व्हिसाचे' म्हणून लाख-दीड लाख मागणारा नियम मोडतो आहे.

नोंदणीसाठी मोठ्या एजंटला ५० लाखांची बँक गॅरंटी सरकारकडे ठेवावी लागते. छोट्या एजंटसाठी ती ८ लाख आहे. एजंटने फसवलं आणि कामगाराला परत आणायची वेळ आली तर या रकमेतून खर्च वसूल करता येतो. गावात, बाजारपेठेत फिरणाऱ्या सब-एजंटला मात्र कायद्यात जागाच नाही. 'मुंबईच्या मोठ्या ऑफिसचा माणूस आहे' म्हणणाऱ्याकडून आधी त्या ऑफिसचा नोंदणी क्रमांक घ्यावा आणि तो ई-मायग्रेटवर तपासावा. परवाना चालू आहे, संपला आहे की स्थगित केला आहे, हे तिथं मोबाईलवरच दिसतं. नोंदणी नसलेल्या एजंटांची यादीही तिथं असते.

विमा: हप्ता २७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं

ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना 'प्रवासी भारतीय बीमा योजना' सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. उपचाराचा आणि नोकरीशी संबंधित कोर्टकचेरीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो.

कुवेतमध्ये १२ जून २०२४ रोजी कामगारांच्या इमारतीला आग लागून ४० हून जास्त भारतीय कामगार गेले. अशा वेळी मागे राहिलेल्या घराला हा विमा आधार ठरतो. पण पॉलिसी घरात माहीतच नसेल तर दावा करणार कोण? म्हणून वारसाचं नाव नीट लिहावं आणि पॉलिसीची प्रत घरी ठेवावी.

महिलांसाठी वेगळा नियम

ईसीआर पासपोर्टवर या १८ देशांत घरकामासारख्या कामाला जाणाऱ्या महिलेचं वय किमान ३० वर्षं पूर्ण हवं. ही भरती फक्त सरकारी संस्थांमार्फत होते. खासगी एजंट घरकामासाठी बाईमाणसाला नेतो म्हणत असेल तर तिथंच थांबावं.

दहावी-बारावी झालेल्या पोरांनी जास्त जपावं

ईसीएनआर पासपोर्टवाल्याला परवानगी लागत नाही, विम्याची सक्तीही नाही. म्हणजे जाणं सोपं, पण कंपनी आणि करार तपासणारं सरकारी टेबल मधे येत नाही. ती तपासणी त्याने स्वतःच करायची असते.

'थायलंडला डेटा एन्ट्रीचं काम, पगार लाखभर' अशा जाहिरातींमागे गेलेल्या तरुणांना तिथून पुढे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं गेलं. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. टुरिस्ट म्हणून जाऊन करायची नोकरी, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर झालेली मुलाखत आणि न मानता येईल एवढा पगार, या तीन खुणा दिसल्या की सावध व्हावं.

सरकारमार्फत भरती

काही देशांशी सरकारचे थेट करार आहेत. इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची भरती राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत झाली. महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्यासाठी जर्मन भाषा शिकावी लागते. या भरतीचं नाव सांगून कुणी मधे पैसे मागितले तर सरकारी संकेतस्थळावर खात्री केल्याशिवाय देऊ नयेत.

तिकडे अडकलात तर

• पगार थकला, करारातलं काम बदललं, मारहाण झाली तर भारतीय दूतावासात तक्रार करता येते. घरच्यांना इथूनही 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते.

• भारतातून मोफत हेल्पलाइन १८०० ११ ३०९०. यूएईमध्ये असणाऱ्यांसाठी ८०० ४६३४२.

• दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. गरजू माणसाला तात्पुरता निवारा, परतीचं तिकीट, कायदेशीर मदत त्यातून देता येते. मालक खर्च करत नसेल आणि घरची परिस्थिती नसेल तर मृतदेह आणायचा खर्चही यातून होऊ शकतो. व्हिजिट व्हिसावर गेलेल्यालाही दूतावास वाऱ्यावर सोडत नाही. पण त्याच्याकडे नोंदलेला करार नसतो, त्यामुळे पगारासाठी भांडताना हाती काही राहत नाही.

• पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं सौदी, यूएई आणि कतारमध्ये तिथल्या कायद्यानेच मना आहे.

• इथल्या एजंटने फसवलं असेल तर पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद द्यावी आणि ई-मायग्रेटवरही तक्रार नोंदवावी. विनापरवाना भरतीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र पैसे रोखीत दिले आणि पावती घेतली नाही तर सिद्ध करणं अवघड जातं. बँकेतून किंवा यूपीआयने दिलेल्या पैशाचा पुरावा राहतो.

निघण्याआधी घरी ठेवायची कागदपत्रं

१. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स. व्हिसावर नोकरीचा व्हिसा असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी.
२. सही केलेला करारनामा. तिकडे पोचल्यावर दुसऱ्या कागदावर सही मागितली तर आधी हा काढून ताडून पाहावा.
३. एमिग्रेशन क्लिअरन्स आणि विमा पॉलिसीची प्रत.
४. एजंटचा नोंदणी क्रमांक आणि पैशाच्या पावत्या.
५. कंपनीचं नाव, पत्ता, कफीलचा आणि एखाद्या सोबत्याचा फोन नंबर.

या सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांना तरी पाठवून ठेवावेत. तक्रार करायची वेळ आली की दूतावास आणि पोलीस पहिल्यांदा हेच कागद मागतात.