तळघरातील अग्नी : अमेरिकेतील घरगुती भट्टी व तिच्या देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोध आणि शोधक यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे त्या शोधांच्या दैनंदिन देखभालीस मिळत नाही. अमेरिकेच्या उत्तर भागातील घरांच्या तळघरात असणारी भट्टी हे याचे ठळक उदाहरण होय. हिवाळ्यात कुटुंबाचे जीवन या भट्टीवर अवलंबून असे आणि भट्टीचे कार्य तिच्या निगेवर. ही निगा कोणी राखली, तिचे स्वरूप कसे बदलले आणि ती खरोखरच कमी झाली काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोळशाची भट्टी व गृहश्रम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्येक खोलीतील स्वतंत्र शेगडीची जागा तळघरातील एकाच भट्टीने घेण्यास प्रारंभ झाला. तापलेली हवा हलकी होऊन नळांवाटे वरच्या खोल्यांत चढत असे. ओतीव लोखंडाच्या भट्ट्या सततच्या उष्णतेने वाकत, त्यांच्या सांध्यांना फटी पडत आणि त्यांतून धूर घरात शिरे. या दोषावर उपाय म्हणून आयोवा राज्यातील मार्शलटाउन येथे डेव्ह लेनॉक्स यांनी १८९५ मध्ये रिव्हेट ठोकून जोडलेल्या पोलादी पत्र्याची भट्टी तयार केली.

भट्टी सुधारली तरी श्रम टळले नाहीत. थंडीपूर्वी धुराडे व नळ यांतील काजळी काढणे, जाळी तपासणे आणि कोळसा भरून ठेवणे ही कामे करावी लागत. थंडी सुरू झाल्यावर रोज सकाळी जाळी हलवून राख पाडावयाची, राखेचे वितळून घट्ट झालेले गोळे काढावयाचे, नवा कोळसा घालावयाचा आणि रात्री हवेची झडप आवळून विस्तव मंद ठेवावयाचा, असा क्रम असे. चुलीतील निखारे राखेखाली जपणाऱ्या गृहिणीचे कौशल्य आणि हे कौशल्य एकाच जातीचे होय. त्यात चूक झाल्यास मात्र परिणाम गंभीर होत. धुराड्याची झडप प्रमाणाबाहेर बंद झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरे.

खाजगी तळघर व सार्वजनिक धोरण

ही भट्टी घरापुरती मर्यादित नव्हती, हे १९०२ च्या संपाने सिद्ध केले. पूर्व पेनसिल्व्हेनियातील अँथ्रासाइट कोळसा कमी धुराचा असल्याने पूर्वेकडील शहरांत घरगुती वापरासाठी पसंत केला जाई. तेथील सुमारे दीड लाख खाणकामगार मे १९०२ मध्ये संपावर गेले. हिवाळा जवळ येताच कोळशाच्या टंचाईने राजकीय संकटाचे रूप घेतले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३ ऑक्टोबर रोजी दोन्ही पक्षांना वॉशिंग्टन येथे पाचारण केले. त्याच महिन्यात संप मिटला आणि लवादाने १९०३ मध्ये कामगारांना १० टक्के वेतनवाढ दिली. त्यापूर्वी औद्योगिक संघर्षात संघराज्य शासन सामान्यतः मालकांच्या बाजूने उतरत असे. येथे ते मध्यस्थ झाले. या बदलामागे थंड पडू पाहणाऱ्या तळघरांचा दबाव होता, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या महायुद्धातही शासनाची दृष्टी घरातील फावड्यापर्यंत पोहोचली. जानेवारी १९१८ मध्ये कोळसा वाचविण्याचा संदेश देणाऱ्या चिठ्ठ्या शाळकरी मुलांकरवी घरोघरच्या फावड्यांना बांधण्याची मोहीम राबविण्यात आली.

स्वयंचलन व वायुइंधन

झडप उघडझाप करण्याचे काम यंत्रावर सोपविण्याचा प्रयत्न मिनियापोलिस येथील अल्बर्ट बुट्झ यांनी १८८५ च्या सुमारास केला. घर थंड होताच विद्युत् मंडल पूर्ण होऊन हवेची झडप उघडे. न्यू जर्सीतील अॅलिस एच. पार्कर या कृष्णवर्णीय महिलेस २३ डिसेंबर १९१९ रोजी वायूवर चालणाऱ्या आणि घराच्या निरनिराळ्या भागांत स्वतंत्र नियंत्रण असणाऱ्या तापनरचनेचे पेटंट मिळाले. तथापि, १९४० च्या गणनेत निम्म्याहून अधिक घरे कोळशानेच तापविली जात होती. युद्धोत्तर काळात टेक्सासमधून पूर्वेकडे जाणाऱ्या तेलवाहिन्यांचे वायुवाहिन्यांत रूपांतर झाले. सेंट लुईस व पिट्सबर्ग या शहरांनी धूरबंदीचे नियम केले. परिणामी १९७० पर्यंत कोळशाचा वाटा सुमारे ३ टक्क्यांवर आला.

इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' (१९८३) या ग्रंथात असे दाखविले आहे की, गृहोपयोगी तंत्रज्ञानाने प्रामुख्याने पुरुष व मुले यांची कामे हलकी केली. स्त्रियांचे श्रम त्या प्रमाणात घटले नाहीत. कोळसा व राख वाहणे ही बहुधा पुरुषांची वा मुलांची कामे होती, हे पाहता भट्टीचा इतिहास या प्रतिपादनास पुष्टी देतो.

देखभालीचे बदललेले स्वरूप

वायूमुळे फावडे गेले, धोका मात्र अदृश्य झाला. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वायुगळतीने स्फोट होऊन सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर इंधनवायूत उग्र वास मिसळणे बंधनकारक करण्यात आले. गळती त्यामुळे ओळखता येते. परंतु अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणूनच थंडीपूर्वी धुराडे मोकळे आहे काय, उष्णता-विनिमयकास तडा गेला आहे काय, ज्योत निळी व स्थिर आहे काय, याची जाणकाराकडून तपासणी आवश्यक ठरते. १९८७ च्या कायद्यान्वये १९९२ पासून नव्या भट्ट्यांसाठी ७८ टक्के वार्षिक कार्यक्षमतेची किमान मर्यादा लागू झाली. अधिक कार्यक्षम भट्ट्यांत धुरातील बाष्पाचे पाणी होत असल्याने त्याच्या निचऱ्याची नवी निगा उद्भवली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्वयंचलनाने देखभाल नाहीशी केली नाही; तिचे स्थलांतर केले. जी निगा पूर्वी घरातील माणसाच्या हातात व डोळ्यांत होती, ती तंत्रज्ञ, नियम आणि सूचक यंत्रे यांच्याकडे गेली. रोज राख काढणाऱ्यास भट्टीचा बिघाड दिसत असे. केवळ थर्मोस्टॅटचा आकडा पाहणाऱ्यास तो दिसत नाही. श्रम कमी होणे आणि जबाबदारी कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच या इतिहासाचे सार होय.