उचगावचा माळ आणि पंचगंगेचा काठ

इतिहास लिहावयाचा तो किल्ल्यांचा, राजधान्यांचा आणि रणांगणांचा, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. करवीरचा इतिहास म्हटला की पन्हाळ्याची तटबंदी, अंबाबाईचे देऊळ आणि शाहू छत्रपतींचा दरबार डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या भूमीवर कोणी तट उभारला नाही, जिच्यासाठी कोणी तलवार उपसली नाही, अशा उघड्या माळालाही इतिहास असतो. तो कागदावर कमी आणि पायवाटांवर अधिक लिहिलेला असल्यामुळे वाचावयाचा तर चालतच वाचावा लागतो. कोल्हापूरच्या पूर्वेस असलेल्या उचगावच्या परिसरातील अशा एका इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

उचगावच्या आसपासची भूमी दोन प्रकृतींची आहे. एक माळाची व दुसरी नदीकाठची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाच्या काळ्या कातळावर जेथे मातीचा पातळ थरच काय तो उरला, तेथे मुरूम वर आला आणि माळ झाला. तेथे कुसळी गवत, तरवड, बोर आणि बाभूळ एवढाच संसार. उन्हाळ्यात हा माळ भाजून निघतो. मृगाच्या सरी पडल्या की आठ दिवसांत हिरवा होतो, आणि भाद्रपदात त्यावर इतकी बारीक बारीक फुले उमलतात की ती पाहण्यासाठी माणसाने खाली वाकावे. उत्तरेकडे उतरत गेले की मुरूम संपतो, काळी माती लागते, उसाचे फड सुरू होतात आणि पंचगंगेचा संथ प्रवाह दिसू लागतो. कोस-दीड कोसाच्या चालीत इतका पालट क्वचितच पाहावयास मिळतो.

नदीचे मूळ शोधू नये अशी म्हण आहे खरी. परंतु पंचगंगेने आपले मूळ नावातच सांगून टाकले आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांचा मेळ प्रयाग चिखलीस होतो, आणि तेथून ही नदी कोल्हापूरला वळसा घालून पूर्वेस निघते ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळेपर्यंत. तिच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली सांकलिया व दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकाळची वस्ती तेथे उजेडात आली, आणि त्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेवता पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आज कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून इतक्या दूर, परदेशाचा समुद्रदेव येऊन राहिला. परक्यांना ठाव देण्याची या काठाची चाल दोन हजार वर्षांची आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता माळाकडे वळू. सरकारी दप्तरात माळाला ‘पड’ किंवा ‘पडीक’ म्हणण्याचा प्रघात आहे. जिराईत नाही, बागाईत नाही, म्हणून ती जमीन जणू काहीच नाही! पूर्वी येथे घनदाट अरण्य होते आणि माणसाने ते तोडून त्याचा माळ केला, असेही पुष्कळ सुशिक्षित लोक समजतात. अलीकडे काही अभ्यासकांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील आणि लोकगीतांतील झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून पाहिले. त्यांवरून पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ माळ हा मेलेल्या अरण्याचा सांगाडा नसून निदान सातशे वर्षे तरी तो असाच माळ आहे, असे दिसून आले. म्हणजे ज्या काळी मराठी भाषा ग्रंथरूपास आली त्या काळापासून हा माळ तिचा शेजारी आहे. त्यावर मेंढरांचे कळप चरत आले. जवळच्या पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळा होणारा धनगर समाज या माळाला पडीक म्हणणार नाही. त्याच्या लेखी ते भरलेले कोठारच होय.

विलायतेतही असेच माळ आहेत. तेथे त्यांवर हेदर नावाचे बुटके झुडूप वाढते आणि शरदाच्या तोंडाशी सारे डोंगर जांभळे होऊन जातात. परंतु त्या माळांचा इतिहास आपल्याहून वेगळा घडला. जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते बंद केले, पहारे बसविले, आणि गिरण्यांतून राबणाऱ्या मजुरांस रविवारीही तेथे पाऊल टाकण्याची चोरी झाली. अखेर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण किंडर स्काउट नावाच्या पठारावर बंदी मोडून चढले. त्यांपैकी काहींनी तुरुंगवास भोगला. १९४९ साली तेथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि २००० साली अशा उघड्या माळांवरून पायी फिरण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. आपल्याकडे माळाला कुंपण नव्हते. जो येईल त्याने चालावे, गुरे चारावी, गोवऱ्या वेचाव्या. कोणी अडविले नाही, म्हणून कोणाला भांडावे लागले नाही. आणि भांडावे लागले नाही, म्हणून हक्काची जाणीवही झाली नाही. जे फुकट मिळते त्याचा हिशेब कोण ठेवणार? माळ हळूहळू गेला तेव्हा तो गेल्याची नोंदही झाली नाही, याचे कारण येथे आहे.

उचगावच्या परिसरात हा माळ कसा भरत गेला, हे पाहण्यासारखे आहे. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत संस्थानची आगगाडी सुरू झाली. तिचा रूळ याच भागातून, रुकडीजवळ पंचगंगा ओलांडून, वळिवड्यावरून शहरात शिरला. पुढे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, उजळाईवाडीच्या सपाटीवर विमानतळ झाला. नव्या काळाला पाय ठेवावयास जी जागा लागली ती माळाने दिली. आणि मग १९४३ साली या माळावर जे पाहुणे आले, त्यांची कहाणी ऐकून कोणाचेही मन हेलावल्यावाचून राहणार नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया चालून गेले. पूर्व भागातील लक्षावधी पोलिश लोकांस १९४० पासून रशियनांनी घरांतून उठवून सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ साली जर्मनीने रशियावर चाल केली तेव्हा बाजू पालटली, करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ साली त्यांतील पुष्कळजण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. उपासमारीने व रोगांनी अनेकांचा बळी वाटेतच घेतला होता. उरले त्यांत बायका, मुले आणि म्हातारे यांचाच भरणा अधिक, कारण धडधाकट पुरुष सैन्यात गेले होते. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी सुमारे हजार मुलांना बालाचडीस आश्रय दिला. त्याहून मोठी वसाहत झाली ती करवीर संस्थानात, उचगावच्या शेजारी वळिवड्यास. सुमारे ५,००० पोलिश लोक तेथे १९४३ पासून १९४८ पर्यंत राहिले.

बराकींची ती वसाहत म्हणजे एक लहानसे गावच होते. तेथे शाळा होत्या, रुग्णालय होते, प्रार्थनामंदिर होते, नाटके होत असत. बालवीरांची पथके होती आणि त्यांच्या सहली निघत. बर्फात जन्मलेली ती मुले आमच्या माळाच्या मुरमावर खेळली आणि पंचगंगेच्या पाण्यात पोहली. पोलिश भाषेत सप्टेंबर महिन्याचे नाव हेदरच्या फुलांवरून पडले आहे, कारण त्या महिन्यात त्यांच्या देशातील माळ त्या फुलांनी जांभळे होतात. ज्या महिन्याला माळाच्या फुलांचे नाव, त्याच महिन्यात त्यांच्या घरांची राखरांगोळी झाली. आणि त्याच महिन्यात दरवर्षी त्यांच्या बराकींभोवतीचा हा परका माळ फुलत होता. तो पाहून आईबापांस काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

युद्ध संपले, पण त्यांचे घर त्यांस परत मिळाले नाही. याल्टा येथील १९४५ च्या फेब्रुवारीतील ठरावाने पोलंडची पूर्वसीमा पश्चिमेस सरकली, आणि यांतील बहुतेकांची गावे रशियाच्या हद्दीत गेली. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. परत जावे तर देश आपला राहिला नव्हता, आणि राहावे तर हा देशही स्वतःच्या फाळणीच्या आगीत सापडला होता. १९४८ पर्यंत ती माणसे पांगली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियास, कोणी मन घट्ट करून पोलंडला परतले.

बराकी मात्र ओस पडल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडले गेलेले हिंदू कुटुंबांचे लोंढे त्याच माळावर आले, आणि त्या वसाहतीला गांधीनगर हे नाव पडले. आज ते घाऊक कापडाच्या व्यापाराचे मोठे ठाणे आहे. एका महायुद्धाने देशोधडीस लागलेल्यांनी रिकाम्या केलेल्या खोल्यांत एका फाळणीने देशोधडीस लागलेल्यांनी चुली मांडल्या. एवढ्याशा भूमीने दोन खंडांतील निर्वासितांस लागोपाठ थारा दिला, ही गोष्ट करवीरच्या कोणत्याही विजयाइतकीच अभिमानाची आहे असे आम्हांस वाटते.

येथेच एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. माळ ‘कोणाचा नाही’ असे समजले गेले म्हणून तो निराश्रितांस देता आला. आणि तसेच समजले गेले म्हणून तो पुढे कोणालाही, कशासाठीही देता आला. औदार्य आणि अनास्था या दोन्ही गोष्टी एकाच शब्दातून निघाल्या, आणि तो शब्द म्हणजे ‘पडीक’. महामार्ग आला, गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आली, गोदामे आली, आणि शहर उचगावास येऊन भिडले. यांतील कोणतीही गोष्ट आम्ही अनिष्ट मानत नाही. हजारो संसार त्यांवर उभे आहेत. परंतु मेंढपाळाचा माळ गेला तेव्हा त्याला विचारले कोणी? बराकीतल्या माणसाची आणि मेंढरांमागच्या माणसाची गरज सारख्या मापाने मोजली गेली नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे आदेश राज्यांस दिले, तेव्हा कोठे या जमिनींनाही धनी असतो आणि तो धनी म्हणजे गाव, हे मोठ्याने बोलले गेले.

नदीने आपला हक्क स्वतःच मागितला. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेले. महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. काळ्या मातीत घरे बांधू नयेत, वस्ती उंच मुरमावर करावी, हे जुने शहाणपण लोकांस पुन्हा आठवले. माळाच्या या पायरीचा अर्थ आपल्या पूर्वजांना कळत होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात, पूर ओसरल्यावर, वळिवड्यास लहानपण घालविलेली काही वृद्ध मंडळी परदेशांतून कोल्हापुरास आली. युद्धारंभास तेव्हा ८० वर्षे होत होती. वॉर्सा शहरातही या छावणीचे स्मारक असून, २०२४ च्या ऑगस्टात भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली. सहा हजार किलोमीटरांवरच्या नगरीत ज्या माळाचे नाव दगडावर कोरले आहे, त्या माळाची वाट उचगावच्या किती मुलांस ठाऊक असेल?

आमच्या शाळा दरवर्षी मुलांस पन्हाळ्यास नेतात. अवश्य न्यावे. परंतु एखाद्या भाद्रपदात, पाऊस उघडला असता, त्यांस उचगावहून निघून, रूळ ओलांडून, गांधीनगरच्या पेठेतून वळिवड्यास आणि तेथून मळ्यांच्या बांधावरून पंचगंगेच्या काठापर्यंत पायी न्यावे. वाटेत माळाचा जो तुकडा अजून शिल्लक असेल तेथे त्यांस थांबवावे, गवतातली फुले दाखवावी, आणि त्याच जागी कोण कोण राहून गेले ते सांगावे. दोन-तीन तासांची ही चाल आहे. तिला खर्च नाही, परवाना नाही. तुकडा शिल्लक आहे तोवर मात्र ती करून घ्यावयास हवी.