दोष कोणाचा? शुक्रजंतूंच्या गतीचा इतिहास

लग्नास चार-सहा वर्षें लोटलीं आणि घरांत पाळणा हलला नाहीं, कीं आपल्या समाजाचें बोट पहिल्यानें सुनेकडे वळतें. नवस तिनें करावयाचे, औषधें तिनें घ्यावयाचीं. आणि एवढ्यानें न भागलें तर पूर्वीं सवतहि तिच्याच उरावर येई. पतीची परीक्षा करावी, हें कोणाच्या मनांतहि येत नसे. या समजुतीस शास्त्रानें कसकसा छेद दिला, तें आज थोडक्यांत पाहूं.

आमच्या पनवेलींत १८७२ सालीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापिला. ज्या आयुर्वेदावर तो उभा राहिला, त्यांतील चरकसंहितेंत शुक्राचे फेनिल, तनु, रूक्ष इत्यादि आठ दोष स्पष्ट सांगितले आहेत. म्हणजे उणीव पुरुषांतहि असूं शकते, हें शास्त्रकारांस ठाऊक होतें. विसर पडला तो समाजास.

तथापि शुक्रांत काय असतें, हें नुसत्या डोळ्यांनीं दिसण्याजोगें नव्हतें. १६७७ सालीं हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नांवाच्या कापडव्यापाऱ्यानें स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं शेपटी हालवीत पोहणारे शुक्रजंतु पाहिले. त्यांचें कार्य कळावयास मात्र आणखी दोन शतकें लागलीं. १८७६ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेर्टविग यानें समुद्रांतील एका काटेरी जीवाच्या अंड्यांत स्त्रीबीज व शुक्रजंतु यांच्या केंद्रकांचें मीलन पाहिलें.

मग प्रश्न उरला, कांहीं पुरुषांचे शुक्रजंतु मंद कां? शुक्रजंतूच्या शेपटींत अतिसूक्ष्म नळ्यांची जुडी असते. या नळ्या ट्यूब्युलिन नांवाच्या प्रथिनाच्या, आणि त्यांना एकमेकींवर सरकविणारे बाहु डायनीन या प्रथिनाचे. १९७६ सालीं स्वीडनच्या अफ्झेलियस यानें दाखविलें कीं, शुक्रजंतु निश्चल असलेल्या कांहीं पुरुषांत हे बाहूच नव्हते. आपल्या परळच्या प्रजनन-स्वास्थ्य संशोधन संस्थेंतील संशोधकांनींहि २०१४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, मंद शुक्रजंतूंत ट्यूब्युलिनचें एक विशिष्ट रूप कमी आढळतें. अशा प्रथिनांच्या खुणांवरून दोष नेमका कोठें आहे, हें पुढें कळूं शकेल. आज त्या मुख्यतः प्रयोगशाळेंतच आहेत.

नित्याची तपासणी मात्र सोपी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेंत शंभरांपैकीं ४२ शुक्रजंतु हालते असणें ही खालची मर्यादा धरिली आहे. ती अंतिम निर्णय नव्हे. तिच्याखालीं असूनहि कित्येक पुरुष पिते होतात. अपत्यहीन जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटें वा स्त्रीकडील कारणासह, आढळतें. तेव्हां तपासणी दोघांचीहि एकदमच व्हावी. ज्या घरचा पति आपण होऊन दवाखान्याची पायरी चढेल, त्या घरच्या सुनेच्या डोक्यावरील निम्मा भार त्याच दिवशीं उतरेल.