कुठल्या ताईची?

ताई ची शिकते म्हटलं की आमच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या ताईची?" हसून झालं की दुसरा, जरा खोचक: "हजारो वर्षांची विद्या ना ती? मग आठवड्यातून दोन तासांच्या क्लासात आणि शनिवार-रविवारच्या सेमिनारमध्ये कशी येणार?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं वाचलं. आणि मंडळी, गंमत अशी निघाली की आपण जिला ताई ची म्हणतो ती बरीचशी क्लासातच घडली आहे!

श्वासाचे आणि अंग ताणण्याचे व्यायाम चीनमध्ये फार जुने, यात शंका नाही. चांगशा शहरात मावांगद्वी इथे इ. स. पू. १६८ मधलं एक थडगं आहे. १९७०च्या दशकात तिथे रेशमावरचं एक चित्र सापडलं. त्यात ४४ माणसं असे व्यायाम करताना दिसतात. ताई ची मात्र पुष्कळ अलीकडची. तिचा माग सतराव्या शतकात, हेनान प्रांतातल्या चन घराण्याच्या गावापर्यंत लागतो. ती होती लढायची विद्या, आणि घराबाहेर न द्यायची. यांग लुचान (१७९९-१८७२) हा परका माणूस ती शिकला. तो भिंतीआडून चोरून बघायचा, अशी दंतकथा आहे. पुढे त्याने बीजिंगमध्ये दरबारी मंडळींना शिकवलं.

१९१२ मध्ये राजेशाही संपली. त्याच वर्षी बीजिंगमध्ये श्यू यूशंग यांनी शारीरिक शिक्षणाची एक संस्था काढली. लवकरच यांगचे नातू तिथे कुणालाही शिकवू लागले. 'आशियाचा रोगी' हे हिणवणं चिनी लोकांना झोंबत होतं, देश धडधाकट करायचा होता. समोर आता लढवय्ये नव्हते, साधी शहरी माणसं होती. नातवांपैकी यांग चंगफू यांनी उड्या आणि झटके काढून टाकले, सगळं संथ एका लयीत आणलं. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येणारी ती 'प्राचीन' संथ चाल जेमतेम शंभर वर्षांची!

१९५६ मध्ये सरकारी क्रीडा आयोगाने त्यातूनच २४ हालचालींचा छोटा क्रम बसवला. पाच-सहा मिनिटांत संपणारा. जगभरच्या क्लासांत नवशिक्यांना बहुधा हाच शिकवतात.

चीगाँगचं तर विचारूच नका. पद्धती जुन्या, पण त्या सगळ्यांना मिळून हे नाव रूढ झालं १९४९च्या सुमारास. ल्यू ग्वीजन हा तरुण पक्ष-कार्यकर्ता अल्सरने बेजार होऊन गावी गेला आणि अशाच व्यायामाने बरा झाला, असं सांगतात. पुढे त्याच्या कामातून सरकारी चीगाँग-रुग्णालयं निघाली. सांस्कृतिक क्रांतीत सगळं बंद पडलं. १९७०च्या दशकात ग्वो लिन नावाच्या, स्वतः कॅन्सरशी झगडलेल्या बाईंनी बीजिंगच्या बागांमध्ये पुन्हा शिकवायला घेतलं.

आणि मग आली १९८०च्या दशकातली चीगाँगची लाट. स्टेडियममध्ये हजारो लोक बसून, मंचावरच्या 'गुरूं'कडून शक्ती मिळेल म्हणून वाट बघत. त्यात भोंदूही शिरले. १९९९ मध्ये फालुन गाँगवर बंदी आली आणि इतर गटांवरही टाच आली. २००३ मध्ये सरकारने स्वतःच चार ठरावीक संच पुढे आणले. आमच्या क्लासातलं 'बादुआनजिन', म्हणजे रेशमाचे आठ तुकडे, त्यांतलंच एक.

हे सगळं वाचून मला क्लासाचा कमीपणा वाटेनासा झाला. दार उघडलं म्हणून तर घरातला गृहस्थ, म्हातारी माणसं, माझ्यासारखी दुखऱ्या गुडघ्यांची बाई आत आली. पण दार उघडताना काही बाहेरच राहिलं, हेही खरं. जोडीदाराच्या हाताला हात लावून तोल जोखायचा सराव बऱ्याच क्लासांत होतच नाही. पन्नासजणांच्या सेमिनारात माझा गुडघा आत वळतोय हे बघणार कोण?

म्हणून आता नवीन सेमिनारची जाहिरात आली की परंपरा किती हजार वर्षांची ते मी वाचत नाही. शिकवणारा हिंडून प्रत्येकाची पावलं बघतो का, आणि घरी रोज करायला काय देतो, एवढंच विचारते. बसल्या जागी शक्ती देणारा असेल, तर पैसे वाचले!