सेत्ते, सत्त, सात

अकलूजच्या मळ्यांतली द्राक्षं घेऊन तयार होणाऱ्या एका लाल वाइनचं नाव आहे ‘सेत्ते’. इटालियनमध्ये सेत्ते म्हणजे सात. मी छत्रपती संभाजीनगरचा, सातवाहनांचं पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर. त्यामुळे असेल, पण हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने वाचला तेव्हा तो मला परका वाटलाच नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात ‘सत्तसई’ म्हणून ओळखला जातो. सत्त म्हणजे सात. सेत्ते आणि सत्त, फरक आहे तो स्वरांचा.

हा योगायोग नव्हे. लॅटिन ‘सेप्तेम’ आणि संस्कृत ‘सप्त’ ही एकाच घरातली भावंडं. दोन्हीकडे बोलणाऱ्यांना ‘प्त’ जड गेला. टायबरकाठी आणि गोदाकाठी, एकमेकांना न विचारता, लोकांनी ‘प’ सोडला आणि ‘त’ दुप्पट केला. ‘क्त’चंही तेच: लॅटिन ‘लाक्ते’चं इटालियनमध्ये ‘लात्ते’ झालं, म्हणजे दूध. कॉफीमुळे तो शब्द आता आपल्याही ओळखीचा आहे. आपल्याकडे ‘भक्त’ म्हणजे शिजवलेलं अन्न. त्याचं ‘भत्त’ झालं. मराठी मग एक पाऊल पुढे गेली. तिने जोडाक्षर मोकळं केलं आणि आधीचा स्वर लांबवला: सत्तचा सात, भत्तचा भात, कम्मचं काम. इटालियन मात्र अजून प्राकृताच्या उंबऱ्यावर उभी आहे. मला तरी ती ऐकताना पैठणच्या जुन्या बाजारातली बोली कानावर पडल्यासारखी वाटते.

ही वाइन करणाऱ्या कंपनीचं नाव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे भाऊ. इटलीतले सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी ती उभी केली. नावही नात्यातलंच निघालं. संस्कृतातल्या आरंभीच्या ‘भ’च्या जागी लॅटिनमध्ये ‘फ’ येतो; भ्रातृ तिथे ‘फ्रातेर’. आपण भाऊला लाडाने भावड्या म्हणतो, तसा इटालियनने त्याला लाडाचा प्रत्यय जोडला.

टस्कनीचे वाइनकार पिएरो मासी यांच्या हाताखाली घडलेल्या या सेत्तेत सांजोव्हेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों ही दोन द्राक्षं एकत्र येतात. सांजोव्हेसे टस्कनीचं मुख्य काळं द्राक्ष. त्याच्या नावाचा अर्थ ‘जोव्हचं रक्त’ असा परंपरेने लावतात. जोव्ह म्हणजे ज्युपिटर, आणि ज्युपिटर म्हणजे वेदांतला द्यौष्पिता.

आपला शेतकरी खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून झटतो. वाइनला उलट लहान मणी हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, गरात नाही. बीही चालतं. आपल्या ‘बेदाणा’ या फारसी शब्दाचा अर्थच ‘बिनबियांचा’, म्हणजे इथे त्या शब्दाला काम नाही. इटलीत वेल हिवाळाभर झोपते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे ती झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी करून तिला वळण लावावं लागतं, आणि घड उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरतात.

मणी फुटले की रस सालींसकट आंबू लागतो. आंबताना निघणारा वायू साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर तरंगू लागतो. इटालियन कामगार त्याला ‘काप्पेल्लो’ म्हणतात, टोपी. ही टोपी वाळू नये आणि रंग उतरावा म्हणून खालचा रस पुन्हा पुन्हा तिच्यावर ओततात. मग साली पिळून काढायच्या आणि वाइन ओकच्या पिंपांत मुरवायची. सेत्तेसारख्या वेगवेगळ्या द्राक्षांच्या मिश्रणाला इटालियनमध्ये ‘उव्हाज्जो’ म्हणतात, ‘उव्हा’ म्हणजे द्राक्ष यावरून.

या सगळ्यात माझा जीव अडकला तो ‘पिंप’ या शब्दात. आमच्या शहरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी निळं पिंप. हा शब्द पोर्तुगीज ‘पीपा’वरून आला, आणि पीपा म्हणजे वाइनचं लाकडी पीप. आमच्या मोरीत उभं असलेलं भांडं नावाने द्राक्षमळ्यातलं आहे.

आणि इटलीच्या वाइनशी आपली ओळख तरी केवढी जुनी! इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाइन आहे, आणि पसंती इटलीच्या वाइनला. त्याच ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे. तिथून गोमेदासारखे दगड गाड्यांवर लादून बंदराकडे जात. घाटावर वाइनचे रांजण मोजताना पैठणच्या माणसाने ‘सत्त’ म्हटलं असेल, ग्रीकाने ‘हेप्ता’. तेही त्याच घरचं. तिथे ‘स’चा ‘ह’ झाला, जसा फारसीत ‘हफ्त’ झाला. त्या ‘हफ्त’वरून सात दिवसांचा ‘हफ्ता’ आला, आणि तोच शब्द ‘हप्ता’ होऊन आज दर महिन्याला आमच्या बँकेच्या पासबुकात छापून येतो.